तेरा बुरूज, एक ट्रायपॉड: चानकियोचं सूर्यपंचांग मोजायचं कसं

पेरूची राजधानी लिमा. तिथून किनाऱ्याने उत्तरेला साडेतीनशेहून अधिक किलोमीटर गेलं की कास्माचं खोरं लागतं. तिथल्या वाळवंटात एका बोडक्या टेकडीच्या कण्यावर दगडी बुरूज ओळीने उभे आहेत. एकूण तेरा. उंची दोन ते सहा मीटर, दोन बुरुजांमधली फट पाचएक मीटर, पूर्ण ओळ तीनशे मीटरची. लांबून पाहिलं तर एखाद्या आजीच्या तोंडात उरलेल्या दातांसारखी. हेच चानकियो. इसवी सनापूर्वी २५० च्या सुमाराचं, म्हणजे इंका साम्राज्याच्या सतराशे वर्षं आधीचं.

हे बुरूज कशासाठी, यावर बरीच वर्षं नुसते तर्क चालले. २००७ मध्ये इव्हान गेझी आणि क्लाइव्ह रगल्स या दोघांनी ‘सायन्स’मध्ये लेख छापला आणि चित्र स्पष्ट झालं. टेकडीच्या पश्चिमेला एका ठरावीक जागी उभं राहिलं, तर वर्षभरातला सूर्योदय या ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जातो. जूनमध्ये उत्तर टोक, डिसेंबरात दक्षिण टोक, मग परत. २०२१ मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

मी पोटापाण्यासाठी मोजणी करतो. प्लॉटच्या हद्दी, रस्त्याचं लेआउट, कधी कॅनॉल. चानकियोच्या कामात मला ओढून घेतलं ते त्यातल्या मोजणीने. तिथे जे केलं गेलं, ते आपल्याकडचा कुठलाही डिप्लोमाधारक सर्व्हेअर करू शकतो, फक्त चार-पाच ठिकाणी हात पोळतो. ती ठिकाणं कुठली आणि तिथे काय करायचं, हे या लेखात टप्प्याटप्प्याने सांगतो. उदाहरण चानकियोचंच ठेवलं आहे, पण रीत कुठल्याही जुन्या जागेला लागू आहे.

पहिला टप्पा: आधी कागद, मग मशीन

डबा उघडण्याआधी वहीत लिहून ठेवा की तुम्ही कोणत्या दिशा शोधणार आहात आणि किती फरक चालवून घेणार आहात. हे मोजणीनंतर ठरवलं की संपलं. कारण साधं आहे. क्षितिजावर ‘महत्त्वाच्या’ दिशा ढीगभर असतात: दोन अयनदिन (वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस), विषुवदिन (दिवस-रात्र सारखे), सूर्य डोक्यावर येण्याचा दिवस, त्याच्या उलटचा, म्हणजे मध्यरात्री सूर्य बरोबर पायाखाली असण्याचा दिवस, चंद्राच्या चार टोकाच्या जागा, कृत्तिका. झाल्या दहा. प्रत्येकीला एक अंश इकडे-तिकडे सूट दिली तर वीस अंश व्यापले. सूर्य-चंद्र ज्या पट्ट्यात उगवतात तो या अक्षांशावर जेमतेम साठ अंशांचा. म्हणजे डोळे मिटून ओढलेल्या तीन रेघांपैकी एक कशाला तरी ‘जुळणारच’.

हे पेरूतच घडून गेलं आहे. नाझ्काच्या वाळवंटात जमिनीवर काढलेल्या प्रचंड रेघा म्हणजे आकाशाचं पंचांग, असं मारिया राइशे या जर्मन गणितज्ञ बाईंचं मत होतं. त्यांनी त्या वाळवंटात आयुष्य घालवलं, रेघा झाडून स्वच्छ ठेवल्या, मोजल्या, जपल्या. १९६८ मध्ये जेराल्ड हॉकिन्स यांनी त्याच रेघांचं सर्वेक्षण करून त्या दिशा संगणकावर तपासल्या. जुळण्या सापडल्या, पण योगायोगाने सापडाव्यात त्याहून जास्त नाहीत. बाईंबद्दल मला आदरच आहे, त्यांच्यामुळे रेघा टिकल्या. पण ‘नाही’ असं उत्तर देण्याची सोय ज्या मोजणीत नाही, तिच्या ‘हो’लाही अर्थ उरत नाही.

चानकियोचं बळ इथेच आहे. एखाददुसरी रेघ जुळली म्हणून कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ओळीची दोन्ही टोकं सूर्याच्या दोन्ही टोकांशी जुळतात आणि बघायची जागा बांधकामानेच दाखवून दिली आहे.

याच टप्प्यावर परवानग्यांचंही बघा. पेरूमध्ये पुरातत्त्वीय जागेवर मोजणी करायला तिथल्या सांस्कृतिक मंत्रालयाची परवानगी लागते, ड्रोन उडवायचा तर तीही वेगळी. आणि ट्रायपॉडचे टोकदार पाय जुन्या भिंतीवर किंवा गिलाव्यावर टेकवायचे नाहीत. तिथे खाली लाकडी फळी घाला.

दुसरा टप्पा: उभं कुठे राहायचं

माझ्या मते सगळ्या कामाचा निम्मा जीव या टप्प्यात आहे, आणि उत्साही लोक नेमका हाच उरकतात.

हिशेब बघा. चानकियोत पश्चिमेकडची निरीक्षणाची जागा बुरुजांपासून सुमारे २३५ मीटरवर आहे. तुम्ही एक मीटर डावीकडे सरकलात तर समोरचा बुरूज आकाशाच्या पार्श्वभूमीवर किती सरकेल? एक भागिले २३५, म्हणजे सुमारे पंधरा कला (एका अंशात साठ कला). सूर्याची तबकडी साधारण बत्तीस कलांची. एका पावलात अर्धा सूर्य गेला! उलट, ओळीच्या उत्तरेला मागे सेरो मुचो मालो नावाचा डोंगर आहे, तीन किलोमीटरवर. तोच एक मीटर सरकल्यावर त्याची दिशा जेमतेम एक कला बदलते.

म्हणून तुमचं मशीन कोन अर्ध्या सेकंदापर्यंत मोजणारं असो की वीस सेकंदांपर्यंत (कोनाचा सेकंद म्हणजे विकला, कलेचा साठावा भाग), उभं राहण्याची जागा अर्ध्या मीटरने चुकली तर दोन्ही सारखीच निरुपयोगी. उभं राहण्याची जागा खगोलावरून ठरवायची नसते. ‘इथून छान जुळतं, म्हणजे इथेच उभे राहत असतील’ हा उलटा न्याय झाला. जागा जमिनीने सांगायला हवी.

चानकियोत ती सांगते. पश्चिमेच्या इमारतीच्या बाहेरच्या बाजूने जाणारी चाळीसएक मीटर लांबीची बंदिस्त वाट आहे. ती कुठल्याही खोलीत जात नाही. तिच्या टोकाला एक उघडं दार, आणि तिथे पोचलं की अचानक समोर तेराही बुरूज. या दाराजवळ मातीची भांडी, शिंपले, दगडी वस्तू अशा अर्पण केलेल्या गोष्टी सापडल्या. लोक इथे येत होते, थांबत होते, काहीतरी वाहत होते. सूर्याचं नावही न काढता ही जागा सिद्ध होते.

प्रत्यक्ष काम असं करा. दाराच्या दोन्ही कडा टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणारं मशीन) घ्या. मधोमध खुंटी न ठोकता तात्पुरती खूण करा आणि तिच्यावर मशीन सेंटर करा. पण नंतरचा सगळा हिशेब तीनदा करा: दाराचा मध्य, डावी कड, उजवी कड. येणारं उत्तर एका आकड्याऐवजी पट्ट्याच्या रूपात असेल. डोळ्याच्या उंचीचंही तसंच. उभ्या माणसाचा आणि मांडी घालून बसलेल्याचा डोळा यात सत्तर सेंटिमीटरचा फरक धरा, २३५ मीटरवर त्याच्या दहा कला होतात. मशीनची उंची टेपने मोजून लिहा, अंदाजाने नको.

तिसरा टप्पा: खरी उत्तर

होकायंत्र बाजूला ठेवा. साधं होकायंत्र अर्धा-एक अंश इकडेतिकडे दाखवतं, खडकात लोह असेल तर कितीही. आणि अर्धा अंश म्हणजे एक पूर्ण सूर्य.

ध्रुवतारा? आपल्याकडे जुन्या मोजणीत त्याच्यावरून दिगंश (उत्तरेपासून मोजलेला आडवा कोन) काढायची पद्धत होती, कॉलेजात अजूनही शिकवतात. चानकियो दक्षिण गोलार्धात, सुमारे ९ अंश ३३ कला दक्षिण अक्षांशावर आहे. ध्रुवतारा क्षितिजाखाली. विसरा.

रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून जागा टिपणारं जीपीएस यंत्र? दोन बिंदू घ्यायचे, सॉफ्टवेअरमधून बेअरिंग काढायचं. इथे मी स्वतः तोंडघशी पडलो आहे, पेरूत नव्हे, पुण्यात घराच्या गच्चीवर. सरावासाठी लांबच्या मोबाइल टॉवरची दिशा रोव्हरने काढली, दुसऱ्या दिवशी सूर्यावरून काढली, आणि फरक आला बावीस कला. दोन दिवस मी मशीनला शिव्या देत होतो. दोष माझाच होता. रोव्हरने दिली होती ती यूटीएम ग्रिडची, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे (झोन) पाडून आखलेल्या नकाशाची उत्तर. नकाशाच्या चौकटीतली उभी रेघ फक्त झोनच्या मध्य रेखावृत्तावर खऱ्या उत्तरेला जाते. बाकी सगळीकडे थोडी कललेली असते. पुणे मध्य रेखावृत्ताच्या एक अंशाहून थोडं जास्त पश्चिमेला आहे, तेवढ्याने बावीस कला. सात-बाराच्या मोजणीत याने काही बिघडत नाही, कारण सगळ्याच रेघा सारख्या कलतात. सूर्याला मात्र तुमच्या झोनचं काही देणंघेणं नसतं.

चानकियो सुमारे ७८ अंश १४ कला पश्चिम रेखांशावर आहे, म्हणजे यूटीएमच्या १७ क्रमांकाच्या झोनच्या अगदी पूर्व कडेला. मध्य रेखावृत्त ८१ अंशांवर. रेखांशातला फरक गुणिले अक्षांशाचा साइन, असा ढोबळ हिशेब केला की ग्रिडचा कल सत्तावीस कलांच्या आसपास येतो. आणि तिथून पंचवीसेक किलोमीटर पूर्वेला गेलात की झोन बदलतो, कलाची दिशाही उलटते. रोव्हर वापरायला हरकत नाही, पण ही दुरुस्ती हाताने करून वहीत लिहा आणि सूर्यावरून पडताळा.

सूर्यावरून दिगंश काढायची रीत अशी:

मशीन निरीक्षणाच्या जागी लावा, बबल नीट आणा, कॉम्पेन्सेटर चालू ठेवा. किलोमीटरभर लांबची एखादी ठसठशीत खूण निवडा, हा तुमचा संदर्भबिंदू. सौर फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या काचेवर घट्ट बसवा. डोळ्याकडच्या बाजूला लावायचा फिल्टर उष्णतेने तडकू शकतो, आणि फिल्टर नसेल तर डोळा आणि मशीनमधला सेन्सर दोन्ही जातील. हे मशीन हाती घेण्याआधी तपासा, नंतर नाही.

फेस लेफ्टवर (मशीनचं उभं वर्तुळ डाव्या हाताला; दुर्बीण पालटून ते उजवीकडे आलं की फेस राइट) संदर्भबिंदू घ्या, वाचन लिहा. मग सूर्याकडे वळा. सूर्याचा पाठलाग करायचा नाही, त्याला आपल्याकडे येऊ द्यायचं. उभी तार तबकडीच्या थोडी पुढे ठेवा, क्लॅम्प करा आणि थांबा. तबकडीची कड तारेला शिवली की ‘घ्या!’ म्हणा. सोबत्याने वेळ सेकंदापर्यंत लिहायची. आडवा कोन लिहा, उभा कोनही लिहा, तो पुढे पडताळ्याला कामी येतो. मग फेस राइट करून तबकडीची दुसरी कड. दोन्हींची सरासरी म्हणजे सूर्याचं केंद्र. असे चार ते सहा संच घ्या आणि शेवटी पुन्हा संदर्भबिंदू. तो सुरुवातीपेक्षा अर्ध्या कलेहून जास्त हलला असेल तर ट्रायपॉड खचला. अख्खा संच रद्द.

वेळ कोणती निवडायची? सकाळी सूर्य पंधरा-वीस अंश वर आला की सुरू करा, चाळीस अंशांच्या वर जाऊ देऊ नका. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ उभा चढतो, त्यामुळे सकाळी त्याचा दिगंश अगदी हळू बदलतो. चानकियोत क्षितिजाजवळ तो सेकंदाला फक्त अडीच विकला सरकतो. घड्याळ चार सेकंद चुकलं तरी दहा विकलांचा फरक. दुपारी मात्र तोच सूर्य डोक्याजवळून झपकन पूर्वेची बाजू सोडून पश्चिमेला जातो, तेव्हा नाद करू नका.

वेळ जीपीएसवरून घ्या आणि वहीत फक्त जागतिक प्रमाणवेळ लिहा. पेरूची वेळ तिच्या पाच तास मागे आहे, आपली साडेपाच तास पुढे. भारतातून नेलेला लॅपटॉप, पेरूचा फोन आणि डोक्यात ‘दहा तासांचा फरक’ असं असलं की तो अर्धा तास कुठेतरी शिल्लक राहतोच. त्या क्षणी सूर्य कोणत्या दिगंशावर होता हे नासाच्या जेपीएलच्या होरायझन्स या मोफत सेवेतून अक्षांश-रेखांश टाकून मिळतं. त्यातून तुमचं वाचन वजा केलं की मशीनच्या आडव्या वर्तुळाचा शून्य खऱ्या उत्तरेपासून किती लांब आहे ते कळतं. सगळ्या संचांची उत्तरं एका कलेच्या आत यायला हवीत. त्याहून बारीक अचूकतेची इथे गरज नाही, माणसाचा उघडा डोळासुद्धा एक कलाच ओळखतो.

चौथा टप्पा: क्षितिजाची रेघ

आता प्रत्येक बुरुजाची वरची डावी आणि उजवी कड, प्रत्येक फटीचा तळ, आणि मुचो मालोचा उतार क्षितिजाला मिळतो ती जागा, या सगळ्यांचे दिगंश आणि उन्नतांश (क्षितिजापासून वरचा कोन) घ्या. दोन्ही फेसवर. शेवटची जागा विसरू नका. ओळीत बुरूज तेरा, म्हणून फटी बारा. पण त्या डोंगराचा उतार आणि पहिला बुरूज यांच्यामध्ये तेराव्या फटीसारखी एक जागा तयार होते, आणि जूनच्या अयनदिनाचा सूर्योदय तिथलाच. बांधणाऱ्यांनी डोंगराला चौदावा बुरूज करून घेतला, असं मला वाटतं. पण हे ‘मला वाटतं’च आहे.

बुरुजांची डोकी ढासळलेली आहेत, मग उंची कोणती धरायची, हा प्रश्न येतोच. इथे अक्षांश मदतीला धावतो. बुरूज अर्धा मीटर जास्त उंच होता असं धरलं तर उन्नतांश सात कलांनी बदलतो. पण सूर्य इथे जवळजवळ उभा चढत असल्यामुळे उगवण्याची दिशा त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शानेच सरकते, म्हणजे कलाभर. स्कॉटलंडमधल्या दगडी वर्तुळांवर काम करणाऱ्यांच्या नशिबी हे सुख नाही. म्हणून ड्रोन किंवा लेझर स्कॅनवर खर्च करायचा असेल तर बुरुजांच्या माथ्यापेक्षा त्या दाराच्या कडांवर करा.

लिमात किंवा पुण्यात बसून आधीच अंदाज घ्यायचा असेल तर तीस मीटरच्या उंची-नकाशावरून क्षितिजाची रेघ काढता येते. ती मुचो मालोसाठी चालेल. बुरुजांसाठी नाही, कारण त्या नकाशात दहा-बारा मीटर रुंदीचा बुरूज हा एक ठिपकाही नसतो.

पाचवा टप्पा: हिशेब

दिगंश आणि उन्नतांश तुमच्या जागेपुरते असतात. ते क्रांतीत, म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला असलेल्या कोनात बदलले की आकाशाशी तुलना होते. सूत्र एकच:

साइन(क्रांती) = साइन(अक्षांश) × साइन(उन्नतांश) + कॉस(अक्षांश) × कॉस(उन्नतांश) × कॉस(दिगंश)

दक्षिण अक्षांश ऋण. हे चिन्ह विसरणारे मी बघितले आहेत, आरशातही.

सरावाचं एक वाचन घेऊ. हे कल्पित आहे, चानकियोतल्या कुठल्या बुरुजाचं नाही. अक्षांश उणे ९ अंश ३३ कला, दिगंश ६५ अंश १० कला, मशीनने दाखवलेला उन्नतांश ४ अंश २० कला.

आधी वक्रीभवन. हवेमुळे वस्तू आहे त्यापेक्षा वर दिसते. सपाट क्षितिजावर ही उचल सुमारे चौतीस कला, चार-सव्वाचार अंशांवर अकरा कला. म्हणून खरा उन्नतांश ४ अंश ९ कला. आता सूत्र:

पहिला भाग: उणे ०.१६५९ × ०.०७२४ = उणे ०.०१२०
दुसरा भाग: ०.९८६१ × ०.९९७४ × ०.४२०० = ०.४१३१
बेरीज: ०.४०११
क्रांती: उत्तर २३ अंश ३९ कला

पहिला भाग ऋण आला तर बरोबर. तो धन आला तर अक्षांशाचं चिन्ह तपासा. हे कागदावर एकदा करा, मग एक्सेलमध्ये बसवा. एक्सेल कोन रेडियनमध्ये मागतं, तिथेही लोक अडतात.

सहावा टप्पा: आकाश मागे फिरवणं

पृथ्वीच्या आसाचा कल कायम सारखा नसतो. आज तो २३ अंश २६ कला आहे. इसवी सनापूर्वी २५० मध्ये तो सुमारे २३ अंश ४४ कला होता. म्हणजे तेव्हाचा अयनदिनाचा सूर्य आजच्यापेक्षा साधारण अर्ध्या तबकडीने अधिक टोकाला उगवायचा. चानकियोत उभं राहून आज जूनमध्ये फोटो काढला तर सूर्य त्या काळच्या जागेपेक्षा एक तृतीयांश अंश आत, दक्षिणेकडे दिसेल. फोटो खरा, पण जुना नाही.

आता आपलं सरावाचं उत्तर बघा: २३ अंश ३९ कला. प्राचीन मूल्यापेक्षा पाच कला कमी, आजच्यापेक्षा तेरा कला जास्त. तबकडीची त्रिज्या सोळा कला. दोन्ही फरक तिच्या आत बसतात! म्हणजे या वाचनावरून ‘ही रचना अयनदिनाकडे रोखलेली असू शकते’ एवढं म्हणता येईल. ‘म्हणून ती अमुक शतकातली’ असं अजिबात म्हणता येणार नाही. आसाच्या कलावरून वय काढणारे व्हिडिओ ढिगाने फिरतात, त्यांना विचारा की तबकडीचा कुठला भाग धरला होता: पहिली कड, केंद्र की पूर्ण वर आलेला सूर्य? एवढ्याने अनेक शतकांचा फरक पडतो. चानकियोचं वय कार्बन-१४ चाचण्यांवरून आलं आहे, आणि ते तसंच यायला हवं.

सातवा टप्पा: प्रत्यक्ष सूर्योदय

आकडे झाले तरी एकदा पहाटे जाऊन बसा. जूनमध्ये पेरूच्या किनाऱ्यावर गारुआ नावाचं धुकं पसरतं, म्हणून हाती चार-पाच सकाळी ठेवा. अयनदिन चुकला तरी हळहळू नका. त्या सुमाराला सूर्याची क्रांती दिवसाला कलाभरही बदलत नाही, आधीच्या-नंतरच्या तीन-चार दिवसांत डोळ्याला फरक कळत नाही. मार्च-सप्टेंबरात मात्र सूर्य रोज चोवीस कला सरकतो. मधल्या बुरुजांच्या एका फटीतून पुढच्या फटीत जायला त्याला दहा-बारा दिवस लागतात. त्यामुळे वर्षाच्या मधल्या काळात हे पंचांग दोन-तीन दिवसांच्या आत तारीख सांगायचं आणि टोकाला गेलं की ढिलं पडायचं. नुसता अयनदिन पकडायचा असता तर दोन खांब पुरले असते. तेरा बांधले, कारण मधले दिवसही मोजायचे होते.

दोन खांबांचंही उदाहरण अँडीजमध्येच आहे. टिटिकाका सरोवरातल्या सूर्यद्वीपावर इंकांनी एका कड्यावर दोन मनोरे उभारले होते, जूनचा सूर्यास्त त्यांच्यामध्ये दिसावा म्हणून. त्यांचे पाये सर्वेक्षणात सापडले. इंकांची राजधानी कुस्को, तिच्याभोवतीचे सूर्यस्तंभ मात्र फक्त स्पॅनिश बखरकारांच्या लिखाणात उरले आहेत.

सूर्य डोक्यावर येण्याचे दिवसही टिपून ठेवा. आपल्याकडे शून्य सावली दिवस म्हणून शाळांची पोरं मे महिन्याच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस बाटल्या उभ्या करून बसतात, तेच. चानकियोत तो १८ ऑक्टोबर आणि २४ फेब्रुवारीच्या आसपास येतो, कुस्कोत ३० ऑक्टोबर आणि १३ फेब्रुवारीच्या. याला टोटल स्टेशन लागत नाही, ओळंब्याला बांधलेली सुतळी पुरते. तुमच्या अक्षांशाचा पडताळा फुकटात होतो.

मशीन जिथे थांबतं

अँडीजमधल्या लोकांनी ताऱ्यांइतकीच आकाशगंगेतल्या काळ्या पट्ट्यांना नावं दिली. त्यात एक मोठी लामा आहे, याकाना, पिल्लाला पाजणारी. कुस्कोजवळच्या मिस्मिनाय गावात गॅरी अर्टन यांनी लोकांकडून हे आकाश शिकून घेतलं. या लामावर क्रॉसहेअर ठेवणार कुठे? तिचे डोळे म्हणजे आपले मित्र आणि मित्रक, त्यांची क्रांती काढता येईल. पाठ, पोट, मान हे सगळं धूसर. तिथे वही घेऊन गावातल्या म्हाताऱ्यांशेजारी बसावं लागतं, आणि क्वेचुआ भाषा शिकावी लागते.

अहवाल लिहिताना

प्रत्येक बुरुजासमोर एकच क्रांती लिहू नका, कमाल आणि किमान लिहा. दाराच्या दोन कडा, डोळ्याच्या दोन उंच्या आणि ढासळलेल्या माथ्याची सूट मिळून पट्टा किती रुंद झाला ते दिसू द्या. जी रेघ कशालाच जुळली नाही, तिचाही आकडा तक्त्यात ठेवा.

पूर्वेच्या बाजूला याची खरी परीक्षा होते. तिकडूनही एक निरीक्षणाची जागा मानली जाते, तिथून सूर्यास्त बुरुजांवर दिसतो. पण तिकडे पश्चिमेसारखी चाळीस मीटरची वाट नाही, एका छोट्या बांधकामाचे अवशेष आहेत आणि नेमकं पाऊल कुठे टेकायचं हे पश्चिमेइतकं पक्कं नाही. तिथे मशीन लावाल तेव्हा एका जागी लावून समाधान मानू नका. अवशेषांच्या चारही कोपऱ्यांवरून सगळे बुरूज घ्या आणि पूर्वेच्या तक्त्यातला पट्टा पश्चिमेपेक्षा रुंद आला तर तो तसाच राहू द्या.